दोन सेंटीमीटरची धीट परी: कास पठारावरच्या चित्रपुस्तकासाठी सल्ला हवा

पाऊलवाट (सातारा)

नमस्कार मंडळी. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी एक चित्रपुस्तक तयार होतंय. नायिका राई नावाची इवलीशी परी, मुक्काम कास पठार. गोष्ट थोडक्यात अशी: भाद्रपदातली सकाळ, पठारावर सीतेची आसवं आणि गेंद फुललेत. राईची मैत्रीण टाचणी (चतुराची नाजूक, काडीसारखी बहीण) दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी रोपाच्या चिकट पानाला अडकते. राई वाऱ्यातून, मुंगळ्यांच्या रांगेतून, डबक्यावरून तिच्यापर्यंत पोचते आणि तिला सोडवते.

मजकूर सध्या ९०० शब्दांचा आहे. चित्रं १४, सगळी जलरंगात, ए३ कागदावर. त्यातली काही अजून कच्ची आहेत, बदलता येतील. छपाई सांगलीत, १००० प्रती.

अडलंय ते असं. राई एका चित्रात मुंगळ्याएवढी दिसते आणि दुसऱ्यात तेरड्याच्या रोपाएवढी. एकच माप कसं धरायचं? पुस्तक साडेआठ इंच चौरस करायचं मनात आहे, पण पानं २४ ठेवावीत की ३२? नमुना प्रिंटमध्ये सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा मळकट आला, त्यावर उपाय काय? मजकूर किती कापावा, टाइप कोणता घ्यावा? आणि शेवट: आत्ता राई कांडी फिरवते आणि टाचणी सुटते. तो शेवट काही केल्या पटत नाही.

---

कुंचला

सगळ्यात आधी राईची उंची ठरवा आणि मग ती कुठल्याही चित्रात बदलू नका. माझं मत दोन सेंटीमीटर. हिशेबाला सोपं पडतं. चार वर्षांचं मूल साधारण शंभर सेंटीमीटर उंच, म्हणजे राईच्या पन्नासपट. पठारावरची कुठलीही वस्तू पन्नासनं गुणली की ती राईला केवढी वाटत असेल ते कळतं.

एक सेंटीमीटरचा मुंगळा तिला अर्ध्या मीटरचा. साडेतीन सेंटीमीटरची टाचणी पावणेदोन मीटर, म्हणजे राई आपल्यापेक्षा मोठ्या जिवाला वाचवायला निघाली आहे. हे चित्रात ठळक दिसलंच पाहिजे. पंधरा सेंटीमीटरचं दवबिंदूचं रोप तिला साडेसात मीटरचं. पावसाचा तीन मिलिमीटरचा थेंब तिच्यासाठी पंधरा सेंटीमीटरचा पाण्याचा गोळा. असे चार-दोन थेंब अंगावर आले तर ती पडेल. तिच्या धीटपणाला कांडीची गरजच नाही, तो या मापांतूनच येतो.

सीतेच्या आसवांचं फूल सुमारे एक सेंटीमीटरचं आणि देठ दोऱ्यासारखा बारीक. राई त्यावर चढून बसलेली दाखवाल तर देठ वाकलेला दाखवा, नाहीतर मुलांना ती कापसाची वाटेल. गेंदाचं पांढरं बोंडही सेंटीमीटरच्या आतबाहेरच असतं. तिच्या हातात दिलं तर ते तिच्या डोक्यापेक्षा मोठं दिसायला हवं.

आता कीटकभक्षी झाडांविषयी, कारण इथे चित्रकार हमखास गोंधळतात. सीतेची आसवं आणि दवबिंदू दोन्ही कीटकभक्षी, पण पद्धती अगदी वेगळ्या. सीतेच्या आसवांचे सापळे म्हणजे जमिनीखाली, ओल्या मातीत असणाऱ्या बारीक पिशव्या. त्यात पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव ओढले जातात. निळं फूल कुणाला खात नाही. त्यामुळे राई त्या फुलांतून निर्धास्त फिरू शकते. दवबिंदूची पानं मात्र अरुंद, लांब, तांबूस केसांची, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. उन्हात ते दवासारखे चमकतात, किडा बसतो आणि चिकटतो. सुटायला धडपडला की आणखी केस लागतात. त्याच्यात अडकलेल्या टाचण्या पाहायला मिळतात, म्हणजे तुमची कल्पना खरी आहे. दवबिंदू तोंड उघडून गिळताना काढू नका; त्याला तोंड नसतं.

तुमचा शेवट इथेच सापडतो. जोराच्या पावसानं दवबिंदूचा चिकटा धुऊन जातो. म्हणजे राईला पाणी आणायचं आहे. शेजारच्या चवराच्या रुंद पानावर पाणी साठलंय; ते पान वाकवलं की पाण्याचा लोंढा घरंगळत टाचणीवर. पण पान वाकवायला राईला त्याच्या टोकाखाली जावं लागेल, आणि एवढ्याशा जिवाचे पंख भिजले की एकमेकांना चिकटतात, उडता येत नाही. ते माहीत असून ती खाली उभी राहते. हा धीटपणा मुलांना दिसतो, सांगावा लागत नाही.

जमीन जांभ्याची, सच्छिद्र, खडबडीत, आणि त्यावर मातीचा पातळ थर. मऊ हिरवळ काढू नका, तो बागेचा देखावा होतो. खडकाच्या खळग्यांत पाणी साचतं, तेच तुमचं डबकं. फुलांचा काळ सांभाळा: सीतेची आसवं, गेंद, तेरडा एकत्र चालतील, सोनकीचा पिवळा बहर थोडा पुढे सरकतो, ती शेवटच्या पानांत मागे लांबवर घ्या. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा ती सजावट म्हणून पानोपानी नको. आणि राईनं फूल तोडलेलं कुठेही नको. कास २०१२ पासून पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथे फुलं तोडायला मनाई आहे. मूल पुस्तकात जे पाहील तेच सहलीला जाऊन करेल. टोपी हवी तर गळून पडलेल्या पाकळीची करा.

टोपीचा रंग शेंदरी. पठारावर निळा, जांभळा, पांढरा, गुलाबी, पिवळा, हिरवा सगळे आहेत. शेंदरी दुसऱ्या कशालाही देऊ नका. एवढ्या लहान आकृतीला मूल रंगानंच शोधतं.

---

शाईचा डाग (सांगली)

कुंचला यांनी दोन सेंटीमीटर म्हटलंय त्याला धरूनच सांगतो: राई छापताना खरोखर दोन सेंटीमीटरचीच ठेवा. पुस्तक सात इंच चौरस केलंत तर पानाची उंची पावणेअठरा सेंटीमीटर, त्यात पंधरा सेंटीमीटरचं दवबिंदू प्रत्यक्ष मापात बसतं. मूल पानावर आपलं बोट राईशेजारी ठेवून बघेल. साडेआठ इंचात हे होत नाही असं नाही, पण कागदाचा हिशेब सातच्या बाजूनं आहे.

तो असा. २३×३६ इंचाचा कागद. सात इंची पुस्तकाचं जोडपान (समोरासमोरची दोन पानं) १४×७, ब्लीड (कडेनं कापून जाणारं जादा चित्र) धरून १४.२५×७.२५. एका तावात तेवीसच्या बाजूला तीन, छत्तीसच्या बाजूला दोन, अशी सहा जोडपानं, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापून २४ पानं. एक ताव, एक पुस्तक. साडेआठ चौरसाचं जोडपान १७.२५×८.७५, तावात चारच बसतात, १६ पानं. २४ पानांना दीड ताव, आणि प्रत्येक तावाला साडेपाच इंचांची पट्टी वाया.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अर्धा ताव, १८×२३ चालवणारं मशीन असतं. त्यावर सात इंचीचे दोन फर्मे (एका कागदावर एकत्र छापायची पानं) होतात, चार बाजू, चार रंग, १६ प्लेटा. साडेआठचे तीन फर्मे, २४ प्लेटा. कव्हरच्या चार प्लेटा दोन्हीकडे वेगळ्या. १००० प्रतींत हा फरक चांगलाच जाणवतो.

कागद १३० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) मॅट आर्ट घ्या. ग्लॉसवर वर्गातल्या ट्यूबलाइटची चमक येते आणि बारीक आकृती दिसत नाही. २३×३६चा १३० जीएसएमचा एक ताव सुमारे ७० ग्रॅमचा. १००० पुस्तकं अधिक मशीन लावतानाची नासाडी धरून १२०० ताव मागवा, म्हणजे ८३-८४ किलो. कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड. पूर्ण पुस्तक ७० ग्रॅमच्या आसपास जाईल.

पानं २४च. चारच्या पटीत बसतात आणि सेंटर पिनला (घडीवर मारायच्या पिनांना) जाडी योग्य होते. पान १२-१३ हे मधलं जोडपान एकाच सलग कागदावर येतं, जोड नाही, म्हणून सर्वांत रुंद चित्र तिथे द्या. पण दोन पिना तिथेच दिसतात. घडीपासून दोन्हीकडे एक सेंटीमीटरात राईचा चेहरा आणू नका. दोन सेंटीमीटरच्या परीला पिन आरपार जाते. बाकीच्या जोडपानांवर डावं-उजवं वेगवेगळ्या कागदांवर असतं, तिथे जुळवणीत अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतो. मुंगळा, टाचणी असं काहीही घडीवर चिरलं जाऊ नये.

ए३ चित्रांबद्दल. जोडपान दोनास एक प्रमाणाचं आहे, ए३ तसा नाही. ४२ सेंटीमीटर रुंदीत फक्त २१ सेंटीमीटर उंची वापरली जाईल, बाकी कापलं जाईल. नव्या चित्रांवर आधीच पेन्सिलनं ४२×२१ ची चौकट आखा. छापताना ते ८६ टक्क्यांवर येतं, म्हणून कागदावर राई २.३ सेंटीमीटरची काढा, छापून दोनची होईल. दवबिंदू १५चं हवं तर १७.४चं काढा. स्कॅन ६०० डीपीआयला, छपाईची फाइल ३००ला.

राईच्या चेहऱ्याच्या रेषा जलरंगात काढून चार रंगांत छापू नका. ऑफसेटमध्ये चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी दोन मिलिमीटरच्या चेहऱ्याला दोन नाकं येतात. रेषा वेगळ्या कागदावर काळ्या शाईत काढा, वेगळ्या स्कॅन करा आणि फाइलमध्ये नुसत्या काळ्यात, शंभर टक्के, ओव्हरप्रिंट (खालचे रंग न कापता वरून छापलेल्या) ठेवा. पाव पॉइंटाहून बारीक रेषा नको. पंखांचा अगदी फिका वॉश पाच टक्क्यांखाली गेला तर छापताना नाहीसाच होतो. पंख दिसायला हवेत तर किमान आठ-दहा टक्के ठेवा किंवा मागची हिरवी छटा गडद करा.

मळकट जांभळा: पडद्यावरचा तो रंग चार शायांत येतच नाही. आपोआप रूपांतरात त्यात पिवळा आणि काळा शिरतो, मग तो राखाडी-तपकिरी दिसतो. त्या फुलांपुरता पिवळा शून्यावर आणा, काळा काढून टाका. निळसर जांभळ्यासाठी निळा ७०-७५, किरमिजी ५०-५५ च्या जवळपास राहू द्या. किरमिजी निळ्याच्या बरोबरीनं वाढवला तर रंग वांग्याकडे जातो. फुलं उजळ दिसावीत म्हणून त्यांच्या भोवतीची हिरवी छटा थोडी दाबा. प्रूफ त्याच कागदावर मागा, साध्या कागदावरचं प्रूफ बघून संमती देऊ नका.

पावसाळ्यात छापत असाल तर एक गोष्ट. कागद दमट हवा शोषून वाढतो, पहिल्या आणि चौथ्या रंगात रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग, जुळत नाही. कागद बंद गुंडाळीत ठेवून छपाईच्या आदल्या दिवशी मशीनच्या खोलीत आणायला सांगा. कव्हरला एका बाजूनं लॅमिनेशन असतं, त्यामुळे आतली मोकळी बाजू ओल घेते, फुगते आणि कव्हर गोल वळतं. कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) घडीला समांतर ठेवला तर हे बरंच आटोक्यात राहतं. प्लेट लावण्याआधीच बोला, नंतर काही करता येत नाही. मॅट आर्टवर गडद रंग उशिरा वाळतात. चोवीस तास न थांबता घडी घातली तर समोरच्या पानावर शाई उमटते.

पिनची टोकं आत सपाट दाबलेली हवीत, आणि कव्हरचे कोपरे गोल कापून घ्या. चार वर्षांचं मूल पुस्तक तोंडापाशी नेतं.

---

बाराखडी

९०० शब्द फार झाले. या वयाला मोठ्यांनी वाचून दाखवायचं असेल तर ३५०. जोडपानाला सरासरी तीस शब्द, एखादं जोडपान एकही शब्द नसलेलं. जे चित्रात दिसतं ते मजकुरातून काढा: फुलांची वर्णनं, टोपीचा रंग, ‘राई घाबरली पण तरी धीटपणे पुढे गेली’ असली वाक्यं. धीट हा शब्द शीर्षकात असला तर असू दे, आत एकदाही नको.

तुमची १४ चित्रं २४ पानांत नेमकी बसतात. एक कव्हरला, एक पहिल्या नामपानाला, एक पान ३ला, दहा जोडपानांना आणि एक पान २४ला. पान २वर प्रकाशनाची माहिती. पान ३वर फक्त राई, पानाच्या कोपऱ्यात. ४-५ वर सगळं पठार, त्यात राई शोधावी लागेल अशी. ६-७ टाचणी अडकते. ८-९ वारा, १०-११ मुंगळे. १२-१३ डबकं, इथे शब्द नकोत. १४-१५ दवबिंदूच्या बुंध्याशी उभी राहून वर बघणं. १६-१७ ती टाचणीला ओढते, उपयोग होत नाही, तिचाच एक हात चिकटतो. १८-१९ चवराचं पान. २०-२१ पाणी आणि सुटका. २२-२३ दोघी परत निघतात, राई पायी, कारण पंख ओले. २४ला पंख वाळत घातलेले.

१६-१७ गाळू नका. पहिला प्रयत्न फसल्याशिवाय पाण्याची युक्ती मुलांना युक्ती वाटत नाही, ती कांडीसारखीच वाटते. हात कसा सुटतो तेही दाखवावं लागेल: पहाटेचा एक थेंब मनगटावर घसरतो आणि चिकटा सुटतो. तिथूनच तिला पाणी सुचतं. आणि पान ३वर एखादा थेंब पंखाला लागून ती पंख झटकताना दाखवा, म्हणजे ओल्या पंखांची भीती मुलांना १८व्या पानाआधीच ठाऊक असेल.

पान उलटायला लावणारं वाक्य नेहमी उजव्या पानाच्या तळाशी, म्हणजे ७, १७, १९ वर. उत्तर पान उलटल्यावरच. प्रश्न आणि उत्तर एकाच जोडपानावर आलं की वाचणाऱ्याची उत्सुकता तिथेच संपते.

एक पालुपद ठेवा, चार-पाच शब्दांचं, तीनदा येणारं. तिसऱ्या वेळी ते मुलांनी म्हणावं. ध्वनीचे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत, पण मापाला शोभणारे निवडा: राईच्या पायांना ‘टुणटुण’, थेंबाला ‘टप्प’, पान वाकतं तेव्हा ‘सळ्ळ’. ‘धाडधाड’ फक्त मुंगळ्यांच्या रांगेला, आणि ते राईच्या कानांनी ऐकलेलं. पहिली-दुसरीतली मुलं स्वतः वाचणार असतील तर पालुपदात जोडाक्षर नको.

टाइप: सारख्या जाडीचा, मोकळ्या डोळ्याचा. ‘मुक्ता’ २० पॉइंटात, ओळींतलं अंतर ३२ पॉइंट. याहून कमी अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो आणि नवं वाचणारं मूल तिथे अडतं. ल आणि श मराठी वळणाचे येतात का, ते आधी तपासा. शाळेच्या पुस्तकात मुलं तीच अक्षरं गिरवतात. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) सुरू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. छापखाना जुन्या श्री-लिपीवर (युनिकोडआधीच्या मराठी टाइपच्या सॉफ्टवेअरवर) काम करत असेल तर त्यांना मजकूर देऊ नका, अक्षरांचे आउटलाइन (टाइपऐवजी आकृत्या) केलेली पीडीएफ द्या. मग पीडीएफच्या छापील प्रतीवर र्‍ह आणि ऱ्य असलेले शब्द एकेक करून वाचा, ‘वाऱ्या’ला सगळ्यात आधी.

अक्षरं नुसत्या काळ्यात, फिक्या भागावर. गडद चित्रात पांढरी अक्षरं काढली की ती चारही प्लेटांत कोरली जातात; उद्या दुसऱ्या भाषेत आवृत्ती करायची झाली तर सगळ्या प्लेटा नव्या. काळ्यात असली तर एकच रंग बदलतो.

---

पाऊलवाट (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. पाण्याचा शेवट घेतलाच. सात इंच आणि २४ पानंही पक्की. दोन शंका उरल्या. राई कायम दोन सेंटीमीटरची राहिली तर तिचा चेहरा कधीच नीट दिसणार नाही, एखादा क्लोजअप चालेल का? आणि अंगणवाडीत वीस मुलांसमोर पुस्तक धरलं तर मागच्यांना दोन सेंटीमीटर काय दिसणार?

---

कुंचला

क्लोजअप एकच, १८-१९ वर. तिथे नुसती राई मोठी करू नका, सगळं जग त्याच पटीत मोठं करा: चवराच्या पानाच्या शिरा, पाण्याचा फुगीर कड, मागे दवबिंदूचा एकच केस आणि त्याच्या टोकाचा थेंब. थेंब पानाला चिकटलेला गोलच राहतो, सांडलेल्या तांब्यासारखं पाणी पसरत नाही. या मापात पाण्याचा ताण जास्त जाणवतो. म्हणजे मूल समजेल की आपण जवळ गेलो, राई वाढली नाही.

---

बाराखडी

माझं मत क्लोजअप नको. १७व्या पानापर्यंत मुलांनी तिला बोटानं मोजलेलं असतं, आणि नेमकं तिनं मोठं काम करायच्या क्षणी तिला मोठं केलं तर मोजलेलं वाया जातं. चेहरा हवा तर कव्हरवर द्या, तिथे ती हवी तेवढी मोठी करा. आतल्या चित्रांत तिची मान, खांदे, पायांची ठेवण यांतून भाव येऊ द्या.

अंगणवाडीचा प्रश्न खरा आहे. रंगीत झेरॉक्सवर २४ पानांची डमी शिवा आणि दोन मीटरवरून बघा: शेंदरी ठिपका सापडतो का, आणि तो कुठल्या दिशेला निघालाय ते कळतं का? सापडला तर पुरे, मुलं पुढे सरकून येतात. हरवत असेल तर त्याच्या मागचा भाग फिका करा. वाचणाऱ्या ताई पुस्तक उजव्या हातात खालून धरतात, त्यांचा अंगठा खालच्या कडेच्या मधोमध येतो. राई तिथे लपू नये.

वेगवेगळ्या मापांची चित्रपुस्तकं हाताळून बघायची असतील तर भिलारला जा. पुस्तकांच्या गावात बालसाहित्याचं स्वतंत्र दालन आहे, बसून निवांत चाळता येतात. मोजपट्टी बरोबर न्या.

---

शाईचा डाग (सांगली)

अंगणवाडीसाठी ५-१० मोठ्या प्रती वेगळ्या डिजिटलवर काढता येतील. १३×१९चा डिजिटल ताव एका जोडपानालाच लागतो, सात इंची असो वा साडेआठ, प्रत दोन्हीची सहा तावांत होते. मग त्या प्रती साडेआठच्याच घ्या. फक्त डिजिटलमध्ये घडीवर गडद रंग असला तर टोनर तडकतो, पांढरी रेघ दिसते, म्हणून घडी आधी क्रीज करून (दाबून खाच पाडून) घ्या.

आयएसबीएनचा (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचा) अर्ज आत्ताच करून टाका. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर होतो, शुल्क नाही, पण नंबर हातात आल्याशिवाय कव्हरची प्लेट लावू नका. मलपृष्ठावर बारकोडला ३७×२६ मिलिमीटर पांढरी जागा सोडा. काळ्या रेघा पांढऱ्यावरच, चित्रावर बारकोड छापला तर स्कॅनर वाचत नाही. पुस्तक आल्यावर १९५४च्या कायद्यानुसार तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. त्या चार प्रती हजारातून आधीच बाजूला काढा.